छपरीची रुंदी

आमच्या कॉलेजच्या फाटकातून आत शिरलं की डाव्या हाताला मातीच्या विटांची एक बैठी इमारत दिसते. वर कवेलूंचं छप्पर, मधल्या चौकातून वर गेलेला कडुनिंब, पुढे दारावर सावली धरणारी रुंद छपरी. नवा माणूस तिथे थबकतो, मान वर करून बघतो आणि म्हणतो, "भल्लं मस्त काम केलं हो मॅडम." ती इमारत माझी नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण मी इथली जुनी सिव्हिलची बाई, त्यामुळे लोक कौतुक माझ्याच पदरात टाकतात आणि मला दर वेळी ते परत करावं लागतं. परत करताना दर वेळी पोटात दुखतं.

मी इथे शिकवायला लागले तेव्हा पुसदपासून महागावपर्यंत नकाशे काढणारी दुसरी बाई माझ्या तरी ऐकिवात नव्हती. कुणाला घर बांधायचं असो, दुकानावर मजला चढवायचा असो, लोक म्हणायचे, "इंजिनिअर बाईले दाखवून घ्या." बाजारातली भाजीवालीसुद्धा मला त्याच नावानं हाक मारायची. माझं खरं नाव मतदार यादीपुरतं उरलं होतं आणि त्याचं मला काडीचंही दुःख नव्हतं.

कॉलेजच्या ऑफिसची इमारत माझी. पुढून सगळी काच, आत पांढऱ्याशुभ्र टाइल्स. पोरं तिला काचबंगला म्हणायची. काच पश्चिमेला होती, कारण रस्ता पश्चिमेला होता आणि रस्त्यावरून जाणाऱ्या एसटीतल्या माणसाला ती दिसावी ही माझी हौस होती. एप्रिल लागला की ऑफिसातले बाबूलोक काचेला आतून वर्तमानपत्रं चिकटवायचे. मी ती काढायला लावायची. ते पुन्हा चिकटवायचे. मला वाटायचं, या लोकांना दृष्टीच नाही.

मग प्राचार्यांनी एका मीटिंगमध्ये सांगितलं की फाटकाजवळ एक स्वागत इमारत बांधायची. गरज खरी होती. प्रवेशाच्या दिवसांत खेड्यांवरून, तांड्यांवरून, कोलामांच्या पोडांवरून आईबाप येतात. घरातलं पहिलंच लेकरू कॉलेजात घालायला आणलेलं असतं. कोणता कागद कुठे द्यायचा ते माहीत नसतं. फाटकावरचा चौकीदार हाच त्यांचा चौकशी कक्ष आणि कडुनिंबाचं मूळ हीच बसायची जागा. मी बसल्या बसल्या वहीच्या मागच्या पानावर इमारत काढायलाही घेतली. कमान, कारंजं, निळी काच. तेवढ्यात प्राचार्य म्हणाले, "ही इमारत आपल्याला पर्यावरणपूरक करायची आहे. विजेवर भार कमी, साहित्य इथलंच, पावसाचं पाणी साठवायचं. त्यासाठी मी आपल्याच एका माजी विद्यार्थिनीला बोलावलं आहे. मॅडम, तुमचीच की ती."

सगळे माझ्याकडे बघून हसले. मीही हसले आणि वही मिटली.

ती खरंच माझी होती. महागावकडच्या एका तांड्यावरची पोरगी. डिप्लोमाचा फॉर्म मीच भरून घेतला होता. शेवटच्या वर्षाला घरात तिच्या लग्नाचं बोलणं सुरू झालं तेव्हा मी स्कूटीवरून तांड्यावर गेले. तिच्या आईनं चहा दिला आणि विचारलं, "पुढं शिकून काय होईन, बाई?" मी म्हटलं, "माझ्यासारखी होईल." आई माझ्या घड्याळाकडे, पर्सकडे, स्कूटीकडे बघत राहिली आणि म्हणाली, "मंग शिकू द्या." पोरगी नागपूरला आर्किटेक्चर शिकली. पुढे कुठे कुठे मातीच्या घरांची कामं करून आली. मी वर्गात दर वर्षी तिचं उदाहरण द्यायची. उदाहरण लांब राहत असलं की द्यायला सोपं जातं.

ती आली, पाया पडली आणि कामाला लागली. तिची कामाची रीत मला पहिल्या दिवसापासून खुपली. कागदावर रेघ मारायच्या आधी ती आठवडाभर फाटकापाशी नुसती बसून होती. चौकीदाराला विचारायची, दुपारी सावली कुठवर येते, उन्हाळ्यात झळ कोणत्या बाजूनं लागते. म्हाताऱ्या गवंड्याला विचारायची, इथे काळी माती किती खोल आहे, मुरूम कुठे लागतो. आमची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसाळ्यात फुगते, तिच्यावर पाया टाकला की भिंत फाटते, हे मी पंचवीस वर्षं फळ्यावर लिहीत आले. तिलाही मीच शिकवलं. तरी तिनं ते गवंड्याला विचारलं आणि गवंडी फुगून गेला. मला गाठून म्हणाला, "पोरगी भल्ली इचारून इचारून करते, मॅडम. नाईतं आमाले कोन इचारते?" काचबंगला त्यानंच बांधला होता आणि मी त्याला एकदाही काही विचारलं नव्हतं. तसं तो बोलला नाही, पण मला ऐकू आलं.

तिचा आराखडा असा होता. कडुनिंब तोडायचा नाही, इमारतच त्याच्या भोवतीनं वळवायची. विटा भट्टीत न भाजता मुरमाच्या, दाबून केलेल्या आणि सावलीत वाळवलेल्या. पाडलेल्या जुन्या वसतिगृहाचं सागवान छपराला. छपराच्या कण्याखाली ओळीनं झरोके, म्हणजे तापलेली हवा वरच्या वर निघून जाईल. खाली लाल, घोटून चमकवलेला कोबा. एसी नाही, कूलर नाही. प्राचार्य भेटेल त्याला हे ऐकवत सुटले. मी काचबंगला बांधला तेव्हा हेच प्राचार्य साधे लेक्चरर होते आणि काचेत बघून भांग पाडायचे.

एक दिवस मी फाटकातून आत येत होते. चौकीदार विटांच्या ट्रॅक्टरवाल्याला थांबवून म्हणाला, "थांब, इंजिनिअर बाईले इचारून सांगतो." मी स्कूटी थांबवली आणि म्हटलं, "विचार." तो गडबडला.

"तुमाले नाई, मॅडम. त्या... इंजिनिअर बाईले."

"अन् मी कोण मग?"

"तुमी तं आमच्या मोठ्या मॅडम!"

माझं पंचवीस वर्षांचं नाव त्यानं असं सहज उचलून दुसरीला देऊन टाकलं, वर मला मोठी केलं. त्या दिवशी घरी माझ्या हातून भांड्यांचा आवाज जरा जास्तच झाला. नवऱ्यानं विचारलं, काय झालं. मी म्हटलं, काही नाही. मला हेवा वाटतो आहे, असं नवऱ्याला सांगायची आमच्यात पद्धत नाही.

कॉलेजात कुठलंही बांधकाम असलं की नकाशा सिव्हिलच्या विभागप्रमुखाकडे येतो आणि विभागप्रमुख 'पाहिले' लिहून सही करतो. विभागप्रमुख मी. तिचा नकाशा आला तेव्हा मी दार लोटून घेतलं, लाल पेन काढला आणि चुका शोधायला बसले. दोन तास शोधल्या. पाया बरोबर, उतार बरोबर, पाण्याच्या टाकीचा हिशेबही बरोबर. एवढी चीड मला नापास पोरांच्या पेपरांची कधी आली नव्हती. शेवटी पुढच्या दर्शनी भागावर आले. तिथे छपरी होती. लांबी लिहिलेली, उंची लिहिलेली आणि रुंदीची जागा कोरी. शेजारी पेन्सिलीनं बारीक अक्षरात: 'मॅडमना विचारून.'

दुसरी कुणी असती तर सुखावली असती. मला राग आला. सगळी इमारत स्वतः काढायची आणि माझ्यासाठी एक आकडा शिल्लक ठेवायचा. पंगत उठल्यावर आलेल्या माणसाला तळाची भाजी वाढावी तसं वाटलं.

आणि तो आकडा मला माहीत होता. आठ फूट.

हा आकडा मला कुठल्या पुस्तकानं दिला नव्हता. आमच्याकडे चकचकीत फरशी दिसली की माणूस चपला बाहेर काढतो. देऊळ असो, दवाखाना असो, मोबाइलचं दुकान असो, कुणी सांगावं लागत नाही. काचबंगला नवा होता तेव्हा खेड्यांवरची माणसं पांढऱ्या टाइल्स बघून पायरीखालीच चपला काढायची. दाराची बाजू पश्चिमेची, पायरी काळ्या दगडाची. काम आटोपून बाहेर यायची तोवर पायरी तापलेली आणि चपलाही तापलेल्या. माणसं टाचांवर उड्या मारत चपलांपर्यंत जायची आणि त्या पायात घालून पुन्हा उड्या मारायची. कॉलेजची पोरं हसायची. तेव्हा मी काठी रोवून चार दिवस दुपारी तीन वाजता सावली मोजली होती. पायरी आणि चपला दोन्ही सावलीत राहायच्या तर आठ फूट लागतात, असा माझा हिशेब निघाला आणि मी तिथे आठ फूट पुढे येणारं टिनाचं छप्पर टाकून घेतलं. ती शिकायला आली तेव्हा टिन आधीपासून होतं. त्यामुळे माणसांच्या उड्या तिनं कधी पाहिल्याच नव्हत्या.

तिचाही दरवाजा पश्चिमेला होता. तिचा लाल कोबा माझ्या टाइल्सपेक्षा जास्त चमकणार होता. हे सगळं मला त्या कोऱ्या जागेकडे बघताना एका क्षणात दिसलं. मी पेन उचलला, 'पाहिले' लिहिलं, सही केली, तारीख टाकली. कोरी जागा कोरीच ठेवली.

दोन दिवसांनी ती विभागात आली. मी पेपर तपासत होते.

"मॅडम, छपरीचं तेवढं राह्यलं वाटते."

"सगळे करतात तेवढी कर. तीन फूट."

"भिंतीवरच्या पावसासाठी तीन पुरते, मॅडम. पण मानसं बाहेर थांबतात का, कुठं थांबतात, हे मले समजून नाई राह्यलं. तुमाले माहीत असन म्हनून म्हटलं."

मी मान वर न करता म्हटलं, "बाहेर कायले थांबतीन? आत बसायले एवढी जागा केली न तू?"

ती "बरं, मॅडम," म्हणाली आणि गेली. तिनं माझं ऐकलं, कारण तिला ते मी सांगितलं होतं. मी पुढचा पेपर घेतला. त्या पोराला मी हवे त्याहून चार मार्क जास्त दिले, एवढं आठवतं.

इमारत उभी राहिली. लाल कोबा घोटायला बायका कितीतरी दिवस गुडघ्यांवर बसून होत्या. हातात गुळगुळीत दगड, घासून घासून शेवटी त्यात कडुनिंबाची फांदी दिसायला लागली. उद्घाटन जानेवारीत झालं. पाहुण्यांनी दारात आल्याबरोबर आपणहून बूट काढले, प्राचार्य मोज्यांवर फिरले, प्राध्यापक मंडळींनी भिंतीला कडेकडेनं चपला लावून ठेवल्या. मी एकटी सँडल घालून आत गेले. टाचा वाजवत या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले आणि परत आले. चौकीदार माझ्या पायांकडे बघत राहिला. भाषणात तिनं माझं नाव घेतलं, सगळ्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं, आणि मला वाटलं, हिला माझं नाव घ्यायचं तरी काय अडलं होतं.

एप्रिलमध्ये मी थर्मामीटर विकत आणलं. डब्याच्या पिशवीत लपवून दुपारी स्वागत इमारतीत जायची, खांबाआड बसायची आणि पारा बघायची. आत गार नसणार, नुसतं म्हणतात, अशी माझी खात्री होती. पहिल्या दिवशी पारा काचबंगल्यापेक्षा चांगलाच खाली होता. मला वाटलं, मीटर बिघडलं. दुसरं आणलं. दुसऱ्यानंही तेच दाखवलं. बाबूलोक आता डबा खायला तिकडेच जायला लागले होते. त्यातला एक मला म्हणाला, "मॅडम, तुमीबी अठीच येत जा न. तिकडं कायले भाजून घेता?" मी थर्मामीटर पिशवीत टाकलं आणि पिशवीचं तोंड घट्ट बांधलं.

जूनच्या पहिल्या आठवड्यात प्रवेश सुरू झाले. पाऊस लांबला होता आणि ऊन मे महिन्याचंच होतं. पहिल्याच दिवशी मी काचबंगल्याच्या खिडकीतून पाहिलं. स्वागत इमारतीच्या पायरीखाली, तीन फुटांच्या छपरीच्या बाहेर, भर उन्हात, चपलांची मोठी रास पडली होती. आत माणसं गार कोब्यावर निवांत बसलेली. बाहेर येणारा प्रत्येक जण पायरीवर पाय टेकला की टाचा उचलायचा. वीस वर्षांपूर्वीच्या त्याच उड्या. मला हे दिसणार होतं हे मला माहीत होतं, तरी ते दिसल्यावर बरं वाटलं. खोटं कशाला बोलू? चहा आणवला आणि खिडकीत उभी राहून प्यायले.

तिसऱ्या दिवशी प्राचार्यांनी पाटी लावली: 'कृपया चपला घालूनच आत यावे.' लोक पाटीसमोर उभे राहायचे, वाचायचे आणि चपला काढायचे. एक बाप्या चौकीदाराला म्हणाला, "पाटी चुकली वाटते तुमची." चौकीदार घसा सुकेपर्यंत ओरडायचा, "काढू नका, राजेहो, काढू नका!" त्याला वाटायचं, लोकांना ऐकू येत नाही. लोकांना ऐकू येत होतं. पण जिथे आपलं लेकरू शिकणार, आणि जिथली जमीन इतकी घोटलेली, तिथे चपला घालून जायला त्यांचे पायच धजत नव्हते.

त्या आठवड्यात एका दुपारी तिची आई आली. तांड्यावरच्या दोन मुलींचे फॉर्म भरायला त्यांना घेऊन आली होती आणि लेकीनं बांधलेलं पहिल्यांदाच बघणार होती. मला ती खिडकीतून ओळखू आली. तिनं चपला इतरांपेक्षाही अलीकडे, पार फाटकापाशी काढल्या आणि तापलेल्या वाटेवरून चालत गेली. आत बराच वेळ होती. भिंतींना हात लावून बघत होती. परत येताना पहिल्या पायरीवर तिनं पाय टेकला, दुसरीवर थांबली आणि तिसरीवर मटकन खाली बसली. दगड तापलेला, बसताही येईना. "माय वं!" एवढंच तिच्या तोंडून निघालं.

मी पळाले. का पळाले ते मला सांगता येत नाही. इतके दिवस चहा पीत बघत होते आणि त्या वेळी धावले. मी आणि चौकीदारानं तिला धरून आत कोब्यावर आणलं. तळव्यांची कातडी लाल होऊन फुगली होती. मी माठातलं पाणी तिच्या पायांवर ओतत होते तेवढ्यात मागच्या बाजूनं लेक धावत आली. त्या दिवशी टाकीचं काम बघायला आलेली होती.

"याडी, चपला कायले काढल्या? पाटी नाई वाचली काय?"

"वाचली. तुयाच हातचं बांधलेलं, अन् मी त्यात चपला घालून जाऊ?" आई म्हणाली आणि मला ओळखून हसायचा प्रयत्न केला. "बाई, तुमच्यासारखी झाली हो माई पोरगी."

मी पाणी ओतत राहिले. ती आईचा पाय मांडीवर घेऊन बसली आणि म्हणाली, "चुकलं माझंच. मानसं चपला बाहेर काढतीन, हे माझ्या डोक्यातच नाई आलं."

चौकीदाराला तिची कीव आली. तिला धीर द्यायचा म्हणून, आणि माझीही थोडी तारीफ व्हावी म्हणून, तो म्हणाला, "तुमचं काई चुकलं नाई, बाई. तिकडं काचबंगल्यात बी लोकायचे असेच पाय भाजत होते. मंग मोठ्या मॅडमनं काठी घेऊन चार रोज सावली मोजली न. आठ फूट टिन टाकलं, तवा बंद झालं."

तिचे हात थांबले. तिनं माझ्याकडे पाहिलं. ओरडेल, निदान विचारेल, असं वाटलं.

"आठ फूट?" ती म्हणाली.

"आठ," मी म्हटलं.

तिनं माझ्या हातातला तांब्या घेतला आणि उरलेलं पाणी स्वतः आईच्या पायांवर ओतलं. मग रिक्षा बोलावून आईला दवाखान्यात घेऊन गेली. मी त्या दोन मुलींचे फॉर्म भरून दिले. शिक्षण, पत्ता, पालकाची सही. माझं अक्षर इतकं खराब पहिल्यांदाच आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गवंड्याला बोलावलं आणि जन्मात पहिल्यांदा त्याला विचारलं, "पाऊस यायच्या आत सावली करायची आहे. कशी करू?" त्यानं आधी माझ्याकडे नीट बघून घेतलं. मग म्हणाला, "मांडव टाकू न, मॅडम. तुराट्यायचा." शेजारच्या शेतातून त्यानं तुरीच्या वाळक्या काड्यांच्या पेंढ्या आणल्या, बांबू रोवले, मी टेप धरला. दुपारपर्यंत पायरीपुढे आठ फूट मांडव उभा राहिला. येणारे विचारत होते, कोणाचं लग्न आहे. चपलांची रास सावलीत गेली. पाटी मी काढून टाकली.

चार दिवसांनी ती नकाशा घेऊन विभागात आली. आईचे पाय बरे होत आहेत, असं तिनं आपणहून सांगितलं. मग टेबलावर नकाशा पसरला आणि त्या कोऱ्या जागेवर बोट ठेवलं. "पावसाळ्यानंतर पक्की छपरी करून राह्यलो, मॅडम. रुंदी तुमी लिहा." मी आठ लिहिलं. ती रागावेल म्हणून मी वाट बघत होते. रागावली असती तर मला दोन शब्द बोलता आले असते, रडता आलं असतं, निदान भांडता आलं असतं. तिनं नकाशाची गुंडाळी केली आणि "येतो, मॅडम," म्हणून गेली. त्या दिवशी ती पाया पडली नाही, एवढंच.

दिवाळीनंतर छपरी झाली. हिवाळ्यात नागपूरहून वास्तुरचनाकारांची मंडळी बघायला आली. झरोके पाहिले, विटांना हात लावले आणि शेवटी सगळे छपरीत येऊन उभे राहिले. त्यातले एक वयस्क गृहस्थ म्हणाले, की इमारतीतली सगळ्यात शहाणी जागा ही आहे, इथे माणसाच्या चपलेचासुद्धा विचार केलेला आहे. ती म्हणाली, "छपरी मॅडमची आहे." सगळ्यांनी माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या. तिनंही वाजवल्या. इतकी वर्षं मला जे हवं होतं ते अगदी तसंच्या तसं तिथे होतं, आणि मला तिचा हेवा वाटला. इमारत तिला जमली होती, तो हेवा जुना झाला होता. आता मोठेपणाही तिलाच जमला.

इमारत कशी घडली ते मुलांना कळावं म्हणून तिनं तो नकाशा काचेत बसवून आतल्या भिंतीवर लावला आहे. खाली माझं 'पाहिले', सही आणि सप्टेंबरातली तारीख. छपरीच्या जागी माझ्याच अक्षरातलं आठ, वेगळ्या शाईत, आणि त्याच्याशेजारी तिनं टाकलेली जूनची तारीख. मधल्या नऊ महिन्यांत काय झालं ते त्या कागदावर वाचता येतं, पण आजवर कुणी वाचलेलं नाही. तिनं ते मुद्दाम लावलं की सहज, हे मी तिला विचारलेलं नाही. विचारणारही नाही.

परवा मे महिन्यातल्या दुपारी तीन वाजता मी तिकडे गेले. प्रवेश सुरू व्हायचे होते, छपरीत कुणी नव्हतं. मी पायरीशी थांबले, सँडल काढले आणि अनवाणी पाय काळ्या दगडावर ठेवला. दगड गार होता. सँडल तिथेच ठेवून मी आत गेले.